खोटा डोंगर, खरी वाट
(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवलीत, आता हे बर्फावरून घसरण्याचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः कधी पायाला स्की बांधलेली नाही आणि आता या वयात बांधणारही नाही. पण एक प्रश्न काही वर्षं माझी पाठ सोडत नाही, आणि तो मला कुठल्या ग्रंथाने नाही, एका भिंतीवरच्या चित्राने घातला. म्हणून आधी ते चित्र सांगतो.

माझी मुलगी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना शेजारच्या गृहस्थांनी एका संध्याकाळी कॉफीला बोलावलं. वय माझ्याच आसपासचं, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीच्या वर एक मोठं चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. बर्फाचा डोंगर, वर निळं आकाश, हजारो बारीक बारीक झाडं, आणि त्या झाडीतून खाली उतरत आलेले पांढरे पट्टे. मी आपलं शिष्टाचार म्हणून म्हटलं, "शोभेला छान आहे." ते हसले, उठून चित्राजवळ गेले, एका पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे शोभेचं नाही. हा नकाशा आहे. याच्यावर भरवसा ठेवून मी तीस वर्षं या डोंगरावर उतरलो." मग बोट खाली सरकवत सांगायला लागले. इथे डावीकडे वळायचं, इथून बर्फाचे उंचवटे सुरू होतात, आणि हा इथला उतार माझ्या मुलाने पहिल्यांदा न पडता पुरा केला.

आणि मग जाता जाता एक वाक्य बोलून गेले. "गंमत म्हणजे, हा डोंगर असा कुठूनच दिसत नाही. समोरच्या डोंगरावरून नाही, विमानातूनही नाही."

आता बघा. जो डोंगर कुठूनच असा दिसत नाही त्याचं चित्र, म्हणजे सरळ भाषेत खोटं चित्र. आणि त्यावर एका शहाण्या माणसाने तीस वर्षं आपले हातपाय सोपवले, आणि ते चित्र त्याला एकदाही चुकीच्या जागी घेऊन गेलं नाही. हे कसं? आजचं सगळं बोलणं या "हे कसं" भोवती आहे.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. स्कीइंगसाठी राखलेल्या डोंगरावर लिफ्टने वर जायचं आणि झाडं तोडून मोकळ्या केलेल्या वाटांनी खाली यायचं. या वाटांना ते 'रन' म्हणतात. एका मोठ्या रिसॉर्टमध्ये अशा शंभराच्या वर वाटा असतात. अमेरिकेत त्यांची अवघडपणाप्रमाणे खूण ठरलेली आहे: सोप्या वाटेला हिरवं वर्तुळ, मधलीला निळा चौकोन, अवघड वाटेला काळा हिरा. नवशिक्या माणूस चुकून काळ्या वाटेवर गेला तर हाड मोडण्याची वेळ येते. म्हणून तिकिटाबरोबर एक घडीचा कागद हातात मिळायचा, तो म्हणजे ट्रेल मॅप. लिफ्टच्या खुर्चीत बसून हातमोजा काढायचा, खिशातून कागद काढायचा, पुढची वाट ठरवायची, पुन्हा खिशात कोंबायचा. सुट्टी संपली की तो ओला, चुरगळलेला कागद बहुधा कचऱ्यात.

शेजाऱ्यांच्या भिंतीवर जे होतं ते विंटर पार्कचं. हे रिसॉर्ट १९४० सालचं, डेन्व्हर नगरपालिकेने उभारलेलं. डेन्व्हरहून निघालेली रेल्वे मॉफॅट नावाच्या सुमारे दहा किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडते ती थेट या डोंगराच्या पायथ्याशी. त्याचाच एक भाग मेरी जेन. तो बर्फाच्या उंचवट्यांसाठी प्रसिद्ध, म्हणजे गुडघ्यांचा वैरीच म्हणा. (हशा)

आता चित्रकाराची अडचण काय, ते पाहू. डोंगराला बाजू असतात. समोरून पाहिलं की मागची बाजू दिसत नाही. खालून पाहिलं की वरचा भाग आखडतो, पायथ्याची टेकाडं मध्ये येतात. बरोब्बर वरून, उपग्रहासारखं पाहिलं तर सगळ्या बाजू दिसतात, पण उतार नाहीसा होतो. सगळं सपाट. आणि स्की करणाऱ्याला उतारच तर हवा असतो! उंची सारखी असलेली ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषांचा नकाशा काढला, तर त्यात उंची, अंतर, सगळं अचूक मिळेल. पण थंडीत कुडकुडणाऱ्या, चष्म्यावर बर्फ साचलेल्या माणसाने त्या रेषा वाचायच्या कधी? ओरेगॉन राज्यात माउंट बॅचलर नावाचा एक ज्वालामुखीचा शंकू आहे, तिथे शिखरावरून चहूबाजूंनी उतरता येतं. आता असा शंकू एका कागदावर दाखवा बघू! संत्र्याची साल न फाडता टेबलावर पसरायला सांगण्यासारखंच आहे हे.

यावर हाताने रंगवणाऱ्यांनी जो उपाय काढला तो असा, की डोंगर वाकवायचा. मागची बाजू थोडी पुढे ओढायची, आड येणारी सोंड बाजूला सारायची, दरी रुंद करायची, शिखर जरा फिरवून तोंड आपल्याकडे करायचं. पायथा वरून बघितल्यासारखा आणि क्षितिज समोरून बघितल्यासारखं, हे दोन्ही एकाच चित्रात, आणि मध्ये कुठे शिवण दिसू द्यायची नाही.

या विद्येचे मोठे गुरू म्हणजे ऑस्ट्रियाचे हाइनरिश बेरान. जन्म १९१५, इन्सब्रुकचा, आल्प्स पर्वतातला. १९३४ साली ग्रोसग्लॉकनर या पर्वतरस्त्याच्या चित्रस्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ते विशीतही नव्हते. पुढे आयुष्यभर त्यांनी डोंगरांची विहंगमचित्रं काढली. शेवटच्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी नॉर्थ कॅस्केड्स, योसेमिटी, यलोस्टोन आणि डेनाली अशी चार चित्रं केली. आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे या माणसाचा आवाका कळेल. मेरी थार्प आणि ब्रूस हीझन या शास्त्रज्ञांनी समुद्राची खोली मोजून तळाचा आराखडा तयार केला, आणि १९७७ सालचा जगातल्या सगळ्या महासागरांच्या तळाचा तो प्रसिद्ध नकाशा रंगवला बेराननी. जे कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नाही ते मोजमापांवरून दिसेल असं करायचं. म्हणजे पाहिलेलं जसंच्या तसं उतरवणं हे या माणसाचं काम नव्हतंच, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत ही परंपरा हॅल शेल्टन यांच्यापासून धरतात. ते मुळात सरकारी भूसर्वेक्षण खात्यातले नकाशाकार. त्यांच्यानंतर बिल ब्राउन, आणि त्यांच्यानंतर जेम्स नीहूस. नीहूस १९४६ सालचे, कोलोरॅडोच्या शेतकरी घरातले. शाळेत असताना मूत्रपिंडाच्या आजाराने काही महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा आईने तैलरंगांची पेटी आणून दिली. चाळिशीपर्यंत छपाई आणि जाहिरातीच्या क्षेत्रात मिळेल ते काम केलं. १९८७ च्या सुमारास ते बिल ब्राउनना जाऊन भेटले, आणि ब्राउननी त्यांना परीक्षा म्हणून एक तुकडा रंगवायला दिला. तो तुकडा कुठला? विंटर पार्कच्या मेरी जेनचा! त्यानंतर या गृहस्थांनी जगभरच्या दोनशेहून अधिक स्की रिसॉर्टचे नकाशे हाताने रंगवले. २०१९ साली त्यांचं काम एका मोठ्या पुस्तकात एकत्र आलं, आणि त्यासाठीचा पैसा स्की करणाऱ्या हजारो माणसांनी आगाऊ वर्गणी भरून उभा केला. जे कागद हीच माणसं कचऱ्यात टाकत होती, त्यांच्यासाठी!

काम कसं चालतं, ते थोडं सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. चित्रकार छोट्या विमानातून डोंगराभोवती फिरतो. आधी उंचावरून, मग खाली खाली येत, शेकडो फोटो काढतो. घरी ते पसरून पेन्सिलीने आराखडा करतो. डोंगर किती वाकवायचा, कुठली बाजू किती फिरवायची, ते सगळं इथे ठरतं. आराखडा रिसॉर्टच्या लोकांना दाखवायचा. जे रोज त्या उतारावर असतात ते सांगतात की ही वाट इतकी सपाट नाही, ही लिफ्ट त्या कड्याच्या पलीकडे संपते. दुरुस्त्या झाल्या की आराखडा मोठ्या बोर्डावर उतरवायचा. आकाश आणि बर्फ एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या फवाऱ्याने. मग बारीक कुंचल्याने सावल्या, कडे, आणि शेवटी झाडं. एकेक झाड. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं.

झाडं कशाला एकेक रंगवायची? ठसा मारून भागलं नसतं का? नसतं. मोकळ्या बर्फावर डोळ्याला मोजायला काही नसतं, सगळं पांढरं. उतार कळतो तो झाडांवरून आणि त्यांच्या सावल्यांवरून. झाड सरळ उभं असतं. त्याची सावली जमिनीवर कशी पडली आहे, त्यावरून जमीन किती कललेली आहे ते आपला डोळा आपसूक ओळखतो. सूचिपर्णी झाडं कुठली, पानझडी अस्पेन कुठली, रान दाट कुठे, विरळ कुठे, यावरून माणूस आपली जागा हुडकतो. म्हणजे जी आपल्याला नक्षी वाटते, तीच तिथे माहिती असते.

एक गोष्ट तर मला फारच आवडली. उत्तर गोलार्धात बर्फ टिकतं ते उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, कारण तिथे ऊन कमी लागतं. तेव्हा उतार उत्तरेकडे, म्हणजे बघणारा उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडे बघणार. कोलोरॅडोतल्या व्हेलच्या दर्शनी बाजूचा नकाशा घ्या. त्यात वर दक्षिण आहे! आपण शाळेत शिकलो, नकाशात वर उत्तर. पण उतरणाऱ्याला दिशा दोनच, वर आणि खाली. बाकी त्याला डावं-उजवं पुरतं. आणि ऊन न लागणाऱ्या त्याच उतारावर चित्रकार मात्र सोयीच्या बाजूने छान ऊन पाडतो, कारण सावली पडल्याशिवाय उतार दिसत नाही.

तर आता प्रश्नाकडे येऊ. हे खोटं आहे का?

आपण 'खोटं' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो आणि गोंधळ करतो. एक म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणारं, आणि दुसरं म्हणजे फसवणारं. सगळं न जुळणारं फसवणारं नसतं, आणि सगळं जुळणारं प्रामाणिक नसतं. एखाद्या हॉटेलचा फोटो अगदी खरा असतो, फक्त खिडकीबाहेरचं गटार चौकटीत येणार नाही इतक्या कोनातून काढलेला. तो जुळतो आणि फसवतो. आपला हा नकाशा जुळत नाही आणि फसवत नाही. तो ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसला आहे तो प्रश्न "डोंगर कसा दिसतो?" हा नाहीच. प्रश्न आहे, "इथून खाली कसा जाऊ, आणि मला झेपेल का?" त्या प्रश्नाला लागणारे संबंध तो जपतो: कुठली वाट कुठल्या वाटेला मिळते, कुठली लिफ्ट कुठे पोचवते, कुठला उतार कुठल्यापेक्षा तीव्र. बाकीचं तो उघडपणे सोडून देतो. आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचं म्हणणं तुम्ही ऐकलं असेल, की नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे. मी त्यात एवढीच भर घालीन की प्रत्येक नकाशा काहीतरी टाकतो. काय टाकलं आणि कुणाच्या सोयीसाठी टाकलं, त्यावर त्याचा खरेपणा ठरतो.

आणि हाताने रंगवण्याचं महत्त्व मला इथे दिसतं. हाताचं म्हणजे प्रेमाचं, यंत्राचं म्हणजे कोरडं, असलं भाबडं मी म्हणणार नाही. यंत्र मोजमाप आपल्यापेक्षा चांगलं करतं. पण ही सोंड किती बाजूला सारली म्हणजे सोयीचं होईल आणि किती सारली म्हणजे घातक होईल, याला निवाडा लागतो. तो निवाडा कुणीतरी करावा लागतो आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. हजारो झाडांमागे असे हजारो छोटे निवाडे असतात.

आता ही वस्तू घरात येते तेव्हा काय होतं? घडीचा कागद खिशात होता तोवर कुणी त्याला चित्र म्हणत नव्हतं. हायडेगर म्हणतात तसं, हातोडा ठोकताना आपल्याला हातोडा दिसत नाही, काम दिसतं. नकाशाचं तेच. तो फ्रेममध्ये गेला, निरुपयोगी झाला, आणि पहिल्यांदा दिसला. त्यात आता उतारावरच्या माणसाच्या हातात फोन असतो, फोन त्याला ठिपका होऊन दाखवतो की तू इथे आहेस. कागद बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय देतही नाहीत. म्हणजे नकाशा खिशातून निघून भिंतीवर चालला आहे.

इथे कुणी वॉल्टर बेन्यामिन यांचा १९३० च्या दशकातला प्रसिद्ध निबंध काढील. यांत्रिक प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेज मावळतं, हा त्यांचा मुद्दा. मग या प्रिंटला काय किंमत? पण इथे गंमत उलटी आहे. हे मूळ चित्र कधी भिंतीवर टांगायला काढलेलंच नव्हतं. ते छापायलाच काढलं होतं. कलाकृती म्हणून जी जगली ती लाखो छापील कागदांतच. तेव्हा प्रिंट ही इथे मूळ चित्राची गरीब बहीण नव्हे.

खरा प्रश्न वेगळा आहे. रंगवलेल्या बोर्डावर वाटांची नावं नसतात. नावं, लिफ्टच्या रेषा, ती वर्तुळं-चौकोन, हे छपाईच्या वेळी वरून चढवतात. भिंतीसाठी प्रिंट काढताना ती नावं ठेवता येतात किंवा काढता येतात. नावं काढली तर तो नकाशा राहिला का? मी पाहुणा म्हणून पाहिलं तेव्हा मला नुसता डोंगर दिसला. शेजाऱ्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना एकूण एक वाट नावानिशी दिसली. चित्र एकच. ज्याची पावलं तिथे पडली आहेत त्याच्यासाठी तो नकाशा, माझ्यासाठी शोभा. म्हणून मी जे "शोभेला छान" म्हटलं ते खोटं नव्हतं. ते माझ्याबद्दल होतं, चित्राबद्दल नव्हतं.

हे बोलताना मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. गुजरातेत पालिताण्याला शत्रुंजय पर्वत आहे, जैनांचं महातीर्थ. वर शेकडो मंदिरं, आणि तीन हजारांवर पायऱ्या. पावसाळ्याचे चार महिने यात्रा बंद असते, ती कार्तिक पौर्णिमेला सुरू होते. ज्यांना त्या दिवशी जाणं शक्य नाही, म्हातारी माणसं, आजारी माणसं, त्यांच्यासाठी शत्रुंजयाचा पट मांडतात. कापडावर रंगवलेला मोठा डोंगर. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही जैन समाजात ही रीत आहे. त्या पटातही वाट वरून बघितल्यासारखी वळत जाते आणि मंदिरं मात्र समोरून दिसतात. डोंगर वाकवलेलाच आहे! भाविक पटासमोर उभं राहून मनाने पायरी पायरी चढतो. त्याला भावयात्रा म्हणतात. पट बघणारा काही पट आणि पर्वत यांत गोंधळ करत नाही. त्याला माहीत असतं की आपण गेलेलो नाही. तरीही जाणं घडतं.

स्की रिसॉर्ट हे तीर्थ नव्हे, ती पैसे मोजून करायची करमणूक आहे, हे मला कळतं. पण माणूस आणि वाट यांचं नातं पाहिलं तर शेकोटीवरचं ते चित्र याच जातीचं आहे. दोन्हीकडे वाटेत शिरता येतं, कारण दोन्ही मुळात वाट दाखवायला काढले आहेत. नुसत्या सुंदर निसर्गचित्रात असं बोट फिरवता येत नाही.

व्याख्यानानंतर कुणीतरी विचारणारच, म्हणून व्यवहाराचं दोन मिनिटं. असं प्रिंट कुणाला घ्यायचं असेल, तर आकारात कंजूषी करू नका. लहान छापलं की झाडांचा हिरवा चिखल होतो आणि सावल्या जातात, म्हणजे उतारच गेला. रंगद्रव्याची शाई आणि आम्लरहित सुती कागद असेल तर रंग वर्षानुवर्षं टिकतात, पण थेट उन्हात लावू नका. बेराननी उद्यान सेवेसाठी काढलेली ती चार चित्रं सार्वजनिक मालकीची आहेत, कुणीही छापून घ्यावीत. आणि शेवटचं, जिथे तुम्ही किंवा घरातलं कुणी गेलेलं आहे, अशाच डोंगराचं घ्या. नाहीतर माझ्यासारखं "शोभेला छान" म्हणून थांबाल.

त्या संध्याकाळी निघताना मी त्यांना विचारलं, "आता तुम्ही तिकडे जात नाही, तर हे रोज बघून वाईट नाही वाटत?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाटतं ना. पण झोपायच्या आधी मी एक उतार उतरतो. एकच. रोज वेगळा." आणि मग त्यांनी बोट शिखरावर ठेवलं, मला म्हणाले, "या, सोप्या वाटेने नेतो."

मी गेलो. चार-पाच वळणं असतील. हिरव्या वर्तुळाची वाट, खाली बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबणारी. पायाला स्की न बांधता मी जो एकमेव डोंगर उतरलो आहे, तो हा.